मास्तरांचा रिकामा डबा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांएवढं अवघड माणूस मी अख्ख्या उस्मानपुऱ्यात दुसरं पाहिलं नाही. स्वभावानं सोनं, त्यात वाद नाही. पण त्यांना काही द्यायचं म्हणजे नाकी नऊ. वाटीभर भाजी पाठवली की संध्याकाळच्या आत वाटी परत, आणि भरलेली. तसं रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे आमच्याकडंही पाळतात, चिमूटभर साखर टाकून देतात. मास्तरांचं चिमटीवर भागत नसे. मी अंबाडीची भाजी दिली की ते केळ्याचा शिरा करायचे. शिरा आला म्हणून मी धपाटे पाठवले की वरून चार उकडलेली अंडी यायची. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे, आणि स्वयंपाकात येत होतं ते एवढंच. एकदा घरात काहीच नव्हतं, तर डब्यात रंगीत खडू भरून घेऊन आले. जन्म शाळेत गेलेला, खडू तेवढे शिल्लक होते. "घ्या वहिनी, कुणाच्या तरी उपयोगी पडतील." आमच्याकडं शाळेत जाणारं कुणी नाही. त्या खडूंनी मी दारात रांगोळीच्या रेघा ओढायचे.

एकदा पैठण रोडच्या बसमध्ये आम्ही योगायोगानं एकत्र होतो. एका तरण्या माणसानं "अंकल, बैठो ना" म्हणत जागा दिली. मास्तर बसले, पण चेहरा असा की जणू खिळ्यावर बसलेत. पुढचा थांबा यायच्या आत उठले, म्हणाले, "आता तुम्ही बसा." तो म्हणे तुम्ही, हे म्हणे तुम्ही. तेवढ्यात एक बाई पिशवीसकट त्या जागेवर बसली, आणि चितेगावपर्यंत हे दोघंही उभे. उतरताना मास्तर मात्र खुशीत होते.

आणि या माणसानं चर्चमध्ये काय सांगावं? दर नाताळाला ते आम्हाला बोलवायचे. एका वर्षी पाळकांचा घसा बसला म्हणून प्रवचनाला मास्तरच उभे राहिले. "तारण कमवून मिळत नाही," हात उंचावून सांगत होते, "तुम्ही कितीही चांगलं वागा, त्याचं बक्षीस म्हणून देव स्वर्ग देत नाही. ती त्याची कृपा. तो देतो, आपण फक्त घ्यायचं. फुकट!" हे 'फुकट' वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. मला काही ते पटलं नाही, माझे गुरुवारचे उपास काय वाया जायचे? पण ऐकायला बरं वाटलं. बाहेर पडताना दारात सगळ्यांना केक वाटत होते. मास्तरांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि लगेच बाह्या सरसावून मांडवातल्या सगळ्या खुर्च्या रचायला लागले. मी म्हटलं, झालं! केक फेडायला निघाले.

शेवटी याच खोडीनं घात केला. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. मागच्या उन्हाळ्यात पाणी आलं त्या दिवशी मास्तर तापानं पडून होते, म्हणून आमच्या ह्यांनी त्यांचे दोन हंडे भरून ठेवले. ताप उतरला तसा हा सत्तरी उलटलेला माणूस, कुणाला न सांगता, आमची गच्चीवरची टाकी घासायला आत उतरला. बाहेर येताना शिडी सटकली. उजवा हात प्लास्टरमध्ये, पाय सुजून टम्म.

पुण्याहून लेक आली. "पप्पा, आता चला माझ्याकडं." मास्तरांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मला कारण ठाऊक होतं. बायकोची कबर इथं आहे. दर रविवारी उपासना झाली की तिथं जाऊन बसायचे, आठवडाभर काय काय झालं ते तिला सांगायचे. पण लेकीचंही चुकत नव्हतं. जिन्यात मला म्हणाली, "काकू, त्यांच्या जेवणाचं कोण बघणार?"

"मी आहे की."

"तुम्ही द्याल हो, पण ते घेतील का? दोन दिवस बघते, नाहीतर उचलून नेते."

मी वरण-भात-पोळीचा डबा पाठवला. तसाच्या तसा परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी स्वतः डबा घेऊन वर चढले. लेक बॅग भरत होती.

"मास्तर, माझ्या हाताला चव नाही का?"

"तसं नाय वहिनी. पण परत काय देऊ? साधं अंडं उकडता येत नाय मला."

"मी मागितलं का?"

"रोज रोज फुकट कसं खाऊ?"

आता मात्र माझा पारा चढला. "फुकट? आणि नाताळाला उभं राहून एवढ्या लोकांना काय सांगत होता? देवाचा स्वर्ग फुकट चालतो, अन् माझं वरण चालत नाय? मोठं काय, स्वर्ग का वरण?"

लेकीचे हात थांबले. मास्तरांचे डोळे भरून आले. "लोकांना सांगणं सोपं असतं हो," म्हणाले. "जन्मभर सांगतोय. मला स्वतःला घेता नाय आलं." मग डाव्या हातानं डबा ओढला. वरण निम्मं सदऱ्यावर सांडलं, पण जेवले.

संध्याकाळी लेक डबा घेऊन खाली आली. रिकामा. खरं सांगते, तो हातात घेताना मलाच कसंसं झालं. आत चिमूटभर तरी साखर असेल म्हणून झाकण काढून पाहिलं. नव्हती.

मास्तर राहिले. पहिला आठवडा मान खाली घालून जेवायचे. पंधरा दिवसांनी जिन्यातून हाक आली, "वहिनी, उद्या ठेचा जरा जास्त टाका!" मी ह्यांना म्हटलं, आता हा माणूस बरा झाला. प्लास्टर निघालं तरी डबा चालूच राहिला, आणि रोज रिकामाच येत राहिला.

थंडीत ते झोपेतच गेले. बायकोच्या शेजारी जागा मिळाली. सगळं आटोपल्यावर घराला कुलूप लावायच्या आधी लेक खाली आली. हातात माझा डबा, घासून लख्ख, आत काठोकाठ साखर. "काकू, रिकामा कसा देऊ?"

मी सगळी साखर एका पिशवीत ओतली आणि पिशवी तिच्या हातात दिली. "हा डबा रिकामा द्यायला तुझ्या पप्पांना किती जड गेलं होतं ते मी पाहिलंय," मी म्हटलं. "त्यांचा डबा रिकामाच दे बाई." ती रडायला लागली, तिचं बघून मीही. डबा मात्र रिकामाच घेतला.