उत्तराला लावलेलं कुलूप

छेद म्हणजे डिनॉमिनेटर, हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत माझ्याकडे गणिताची पदवी होती.

यात दोष कोणाचाच नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, घर ठाण्याच्या वर्तकनगरमधलं, घरात मराठी. पण घरातल्या मराठीत कोणी समीकरणं सोडवत नाही. आमची मराठी भाजी आणायला, रागवायला आणि शेजाऱ्यांबद्दल हळू आवाजात बोलायला होती. गणित इंग्लिशमध्ये, डोक्यातल्या डोक्यात, कोणाशी न बोलता. मला ते सोयीचं होतं. मला बहुतेक गोष्टी कोणाशी न बोलता करायला आवडतात.

आई बँकेत काउंटरवर असते. डोंबिवलीच्या शाखेत असताना तिच्या काउंटरवर एक काकू आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, दहावीला बसलेय, सगळे विषय सुटले, गणित अडकलंय. आईने मला न विचारता सांगितलं, "माझी मुलगी मॅथ्सची ग्रॅज्युएट आहे." संध्याकाळी मला कळवलं. मी "हो" म्हणाले. मी सगळ्यालाच "हो" म्हणते, त्याने संभाषण लवकर संपतं.

काकू डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या. तीन मजली बंगला, मागे त्यांच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या दोन इमारती. फोनवर पत्ता सांगितला, "नाक्यावर आमच्या बैलाच्या वाढदिवसाचा बॅनर हाय, तिथून डावीकडं." पुढच्या रविवारी तिथे बैलाऐवजी कोणीतरी गॉगलवाले भाऊ होते आणि मी अर्धा तास चुकले.

काकूंचं वय पंचेचाळीसच्या आसपास, हातात हिरव्या बांगड्या, समोर तीन रंगांचे पेन. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अडचण सांगितली. मोठ्या मुलाचं लग्न ठाण्यातल्या एका मुलीशी ठरलं होतं. मुलाने स्वतःचा बायोडेटा स्वतः टाईप केला होता आणि त्यात 'आईचे शिक्षण' यापुढे बिनधास्त 'एस.एस.सी.' लिहून टाकलं होतं.

"मना नंतर दाखवला," काकू म्हणाल्या. "मी बोलले, अरे मी नववी. तं बोलतो, आई, नववी बरा नाय दिसत. आनि साखरपुड्याला विहीणबाय विचारतात, कंच्या शाळेत होतात? मी काय सांगू? बोलले, होती एक."

"मग?"

"मग काय! लगीन तुलशीच्या लग्नानंतर. परीक्षा जुलैत. लिवलंय ना, तं आता खरा करायचा."

तर हे असं होतं. जुलैची परीक्षा म्हणजे सात-आठ रविवार. गणितात पास झाल्या तर बायोडेटा खरा, नाहीतर मांडवात विहीणबाईंसमोर खोटा.

पुस्तक मराठी. मी पहिलं पान उघडलं आणि मला घाम फुटला. 'अंश' मला हवामानाच्या बातम्यांमुळे माहीत होता. 'छेद' म्हणजे भोक. त्यामुळे 'अंश आणि छेद' वाचून माझ्या डोळ्यांसमोर जे आलं ते गणित नव्हतं. मी "बाथरूम कुठे आहे?" विचारलं, आत जाऊन फोनवर शब्दाचा अर्थ शोधला, बाहेर आले. त्या दिवशी मी चार वेळा बाथरूमला गेले. चौथ्यांदा काकूंनी मला जिऱ्याचं पाणी दिलं.

छेद शून्य का चालत नाही, हे मी सांगणार होते. मनात इंग्लिशमध्ये एक चांगलं वाक्य तयार होतं, ते मराठीत येईना. मी नुसतं x च्या खाली बोट ठेवून राहिले. काकूंनीच आधी वरच्या मजल्याकडे, मग जमिनीकडे बोट दाखवून मला सोडवलं.

"खालचा माला शून्य," त्या म्हणाल्या, "म्हंजे खाली काय नाय. मंग वरचा उभा कशावर राहनार? आमच्या बिल्डिंगला पार्किंग हाय, पन त्येला पन खांब हायत ना."

तीन वर्षं कॉलेजात मला हे इतकं पटलं नव्हतं.

मग पहिलं समीकरण सुटलं. उत्तर आलं. काकूंनी पेन तसाच धरून विचारलं, "आनि ताला?"

त्या काय विचारत होत्या ते वाचणाऱ्याला कदाचित कळलं असेल. मला कळायला पाच आठवडे लागले. मी आधी दाराकडे बघितलं. मग वाटलं, हं, ताला म्हणजे लॉक. उत्तर लॉक करायचं! शाळेत आम्हीही उत्तराभोवती चौकोन काढायचो. मराठी माध्यमात त्याला ताला म्हणत असतील. छान शब्द आहे, असंही वाटलं.

"हो," मी म्हणाले. "ताला लावायचा." आणि उत्तराभोवती चौकोन काढला. काकू अजून बघतच होत्या, म्हणून मी त्यावर कुलपाची कडी पण काढली.

काकूंनी चौकोन पाहिला. मला पाहिलं.

"एवराच?"

"हो, एवढाच."

"बरा झाला गो बाय! आमच्या टायमाला लय मोठा असायचा. अर्धा पान जायचा. गुरुजी ताल्याशिवाय मार्कच देत नव्हते."

अर्ध्या पानाचं कुलूप. मी ते मनात काढून पाहिलं. त्या काळी शिक्षण खरंच कडक असणार.

तिथून आमचं छान चाललं. काकू गणित सोडवायच्या, मी विचारायचे, "ताला लावला?" त्या म्हणायच्या, "लावला." हळूहळू त्यांचं कुलूप माझ्यापेक्षा सुबक यायला लागलं. लाल पेनने चौकोन, निळ्याने कडी. एकदा किल्लीचं भोकही काढलं. मी त्यावर 'गुड' लिहिलं.

आता माझी खरी चूक. छेदात x असलेली समीकरणं आली. ही जरा लबाड असतात. दोन्ही बाजूंना छेदाने गुणलं की छेद जातो, समीकरण साधं होतं, दोन उत्तरं येतात. पण त्यातलं एखादं उत्तर मूळ समीकरणात घातलं की खाली शून्य होतं. ते उत्तर नसतंच, उगाच आलेलं असतं. इंग्लिशमध्ये त्याला नाव आहे. मराठी नाव मला माहीत नव्हतं आणि पाचव्यांदा बाथरूमला जायची माझी हिंमत नव्हती.

गणित होतं x²/(x−3) = 9/(x−3). छेद गेला, x² = 9, म्हणजे x = 3 किंवा −3. मी मनातल्या मनात बघितलं, 3 घातला की खाली शून्य. मी गुपचूप 3 वर काट मारली.

"ह्याला का खोडला?" काकूंनी विचारलं.

"हे... नाही घ्यायचं."

"का पन?"

"असंच असतं," मी म्हणाले.

पुढच्या गणितात 2 आणि −2 आले, तिथे मी 2 खोडला. काकूंनी मान डोलावली. त्यांना नियम सापडला होता, आणि तो त्यांनी मला सांगितला नाही, कारण मी शिक्षिका होते आणि मला तो माहीत असणारच.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा मी चाळीस मार्कांचा पेपर घेतला. घरी आणून तपासायला बसले. चाळीसपैकी अकरा. एका गणितात छेद होता x+5, उत्तरं 5 आणि −5. तिथे 5 खरं, −5 ने खाली शून्य होतं. काकूंनी 5 वर काट मारली होती आणि −5 ला कुलूप लावलं होतं, किल्लीसकट. दुसऱ्या एका गणितात दोन्ही उत्तरं बरोबर होती. तिथेही बिनवजावालं खोडलं होतं. पाच समीकरणं, पाचही ठिकाणी बिनवजावालं बाद. नियम पाळण्यात त्यांची एकही चूक नव्हती. फक्त नियम मी दिलेला होता.

बाबा चहा घेऊन मागे उभे होते. ते मराठी माध्यमात शिकलेले.

"हे काय आहे?"

"ट्यूशनचा पेपर."

"ते कळलं. ही कुलपं कसली?"

"बाबा, ताला आहे तो. उत्तराला लावतात ना."

बाबांनी वाकून एक कुलूप जवळून पाहिलं. मग कप टेबलावर ठेवला.

"अगं, तुला हे कोणी सांगितलं?"

"काकूच म्हणाल्या. आनि ताला? म्हणून."

"ताळा! ताळा गं! त्या 'ळ'ला 'ल' म्हणतात. ताळा म्हणजे आलेलं उत्तर परत गणितात घालून बघायचं, बरोबर आहे का ते. आम्हाला चौथीपासून शिकवायचे."

मी पेपरकडे बघितलं. किल्लीचं भोक माझ्याकडे बघत होतं.

"म्हणजे त्या 'तपासू का?' असं विचारत होत्या?"

"हो."

"आणि मी कुलूप काढलं."

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

बाबा सोफ्यावर बसले, कारण उभं राहून त्यांना हसता येईना. आई आतून धावत आली. तिलाही सांगितलं. मग दोघं बसले. मी पेपर घेऊन माझ्या खोलीत गेले आणि दार लावलं. बाहेरून बाबा म्हणाले, "ताला लावलास का?" त्यावर आणखी दहा मिनिटं.

त्या रविवारी ठाण्याहून मानपाड्यापर्यंत मी एकच वाक्य घोकत होते: काकू, मला माफ करा, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. हे वाक्य मराठीत मला बरोबर येत होतं, त्यामुळे पळवाट नव्हती.

काकूंनी तांदळाची भाकरी वाढली होती. मी वाक्य म्हटलं. मग ताळा म्हणजे काय ते मला कसं कळलं तेही सांगितलं. काकू भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिल्या.

"म्हंजे माझा बरोबर होता?"

"हो."

"पयल्या दिवसापासून?"

"हो."

"आनि तू मना कुलपं काढाय लावलीस."

"हो."

"मना वाटला इंग्लिश मीडियममंदी असाच असतंय! मी घरात सगल्यांना दाखवला. दीर बोलला, वयनी, पोस्टरवानी काढतेस." मग त्यांचा आवाज उतरला. "तीन आठवडं हायत बाय. अकरा मार्क हायत. मी मांडवात काय तोंड दाखवू?"

हे त्या ओरडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू म्हणाल्या. मग जेवण बाजूला सारून त्यांनी वही ओढली, छेदात x असलेलं पहिलंच समीकरण काढलं आणि 3 घेऊन खाली घातला.

"तीन वजा तीन. खालचा माला गायब." −3 घातला. "ह्यो उभा हाय." त्यांनी वर बघितलं. "मंग ह्यो तीन आला कुठून? गणितात तं नव्हता."

आणि मग मी पहिल्यांदा पूर्ण उत्तर दिलं. अडखळत, पण मराठीत. आपण छेद काढून टाकतो ना, तेव्हा तिथली राखण जाते. 'इथे 3 चालणार नाही' हे छेद सांगत असतो. तोच नसला की 3 आत येतो.

काकूंचा चेहरा उजळला. "हलदीला मांडवाची एक बाजू सोडली की कोनपन आत येतंय नि जेवून जातंय! पंगतीत बसल्यावर विचारायला लागतंय, कोनाकडचा रं तू? पोराकडचा का पोरीकडचा?"

"हो. तेच."

"मंग असा सांग ना! असाच असतंय, असाच असतंय काय बोलत होतीस?"

उरलेले तीन आठवडे मी रविवारसोबत बुधवारीही गेले. आम्ही प्रत्येक उत्तराला विचारलं, कोणाकडचा तू? नीट सांगता आलं तर बस, नाहीतर ऊठ. एकदा उत्तर सात आलं. ते दोन्हीकडून बरोबर होतं, तरी काकू त्याला अर्धा मिनिट बघत राहिल्या. म्हणाल्या, "तोंडावरून वाटत नाय."

पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभी होते. काकू सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या गर्दीतून आल्या, लाल झालेल्या. छेदातल्या x चं गणित आलं होतं. त्यांनी सवयीने मोठ्याने विचारलं, "कोनाकडचा रं तू?" पुढच्या बाकावरचा मुलगा घाबरून म्हणाला, "मी? मी खडवलीचा." पर्यवेक्षक धावत आले. मुलाची झडती झाली, काकूंची झाली, काही सापडलं नाही, पाच मिनिटं गेली. "तेच्यात भूमितीचा एक राहिला," काकू म्हणाल्या. त्या रडवेल्या होत्या आणि मला हसू येत होतं, त्यामुळे मी रिक्षाकडे बघत राहिले.

निकाल ऑनलाईन. काकूंनी मला बोलावून घेतलं. साईटवर बैठक क्रमांक टाकायचा आणि खाली आईचं नाव, इंग्लिशमध्ये. काकूंच्या आई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांच्या नावाचं स्पेलिंग कोणी कधी ठरवलंच नव्हतं. फॉर्म भरताना कोणीतरी काहीतरी लिहिलं असणार. मी एक स्पेलिंग टाकलं. माहिती उपलब्ध नाही.

"नापास का?" काकू म्हणाल्या.

"नाही, थांबा."

एक 'ए' वाढवला. माहिती उपलब्ध नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी 'ए' काढला, शेवटी 'एच' लावला.

पान उघडलं. गणित, सदतीस. उत्तीर्ण.

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"पास किती ला?"

"पस्तीस."

"मंग हे दोन कशाला दिलं?"

"राहू द्या काकू, दिलेत तर."

त्यांनी आधी त्यांच्या आईच्या नावावरून बोट फिरवलं, मग मोठ्या मुलाला हाक मारली. तो जिना उतरून आला. काकूंनी त्याला फोन दाखवला, त्याने त्यांना मिठी मारायला हात पसरले, तेवढ्यात त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिल्या.

"माझा झाला खरा," त्या म्हणाल्या. "आता त्या बायोडेट्यात तू तुझी उंची किती लिवलीस, ती सांग."