भाटकाराची साखर

समस्त पेडणेकरांस, तसेच ज्यांचं सासर, आजोळ किंवा निदान बसथांबा पेडण्यात आहे अशा सर्व स्त्री-पुरुषांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, भाटकाराला साखर झाली आहे. तरी कोणीही घाबरून जाऊ नये, आणि कोणीही त्याला पाव घालू नये.

ही घोषणा माझी नाही. आमच्या शेजारच्या कंडक्टरमामांनी ती पेडण्याच्या बाजारात, मासळीच्या रांगेसमोर उभं राहून, बस सुटताना देतात तशा आवाजात दिली. परिणाम व्हायचा तोच झाला. भाटकार म्हणजे आमच्याकडे जमीनदार. दुपारपर्यंत गावच्या खऱ्या भाटकारांच्या ओसरीवर कारली, जांभळाच्या बियांची पूड आणि सहानुभूती यांचा ढीग लागला. ते बिचारे काडीसारखे सडसडीत, जेवणानंतर गुळाचा खडा चघळणारे. संध्याकाळी कारल्यांची पिशवी घेऊन ते थेट मामांच्या फाटकात आले.

"कंडक्टर, माका साखर कधी जाली रे?"

"तुमका न्हय, भाटकारानू. आमच्या बोक्याक."

बोका तेव्हा कुंपणाच्या भिंतीवर पोट पसरून, माडांवरून नजर फिरवत पडला होता. सकाळी एकदा बागेतून पाहणी करायची, पुढे पोट आणि मागे आपण, आणि मग दिवसभर दुसऱ्याच्या कष्टावर झोपायचं, असा त्याचा दिनक्रम. खऱ्या भाटकारांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, त्याचं नाव असं का ठेवलं हे त्यांना उमगलं, आणि ते कारली तिथेच ठेवून निघून गेले.

मामा कधी बसत नसत. पेडणे-म्हापसा खाजगी बसवर त्यांची उमर उभ्याने गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही पायांना ती बातमी कोणी दिली नव्हती. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. गप्पा मारताना एक हात ओसरीच्या वाशाला, जसा काही वर बसचा दांडा आहे आणि पुढे वळण येणार आहे. दारात कोणी घुटमळलं की तोंडातून आपोआप निघायचं, "फुडें सरा, फुडें सरा!" मग पाहुणा सरकत सरकत स्वयंपाकघरात पोचायचा. मामी म्हणायच्या, "ह्येंच्या पायांक चाकां असत." मोपाचा विमानतळ झाल्यापासून तर मामांची शांती पारच गेली. डोक्यावरून विमान गेलं की ते मनगट वर करायचे आणि नाक उडवून म्हणायचे, "लेट." त्या विमानाची वेळ त्यांना ठाऊक नव्हती, पण जगात वेळेवर येणारी गाडी एकच होती आणि ती त्यांनी सोडली होती, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

तर भाटकार. तो अचानक पाणी पिऊ लागला. वाडग्यातलं, दगडी धोणीतलं, तुळशीपुढच्या तांब्यातलंसुद्धा. खायचा दोघांचं आणि मागून मात्र वाळत चालला. मामी म्हणाल्या, "उष्णता." मामांनी त्याला मासळीच्या टोपलीत घातलं, वर टॉवेल बांधला आणि म्हापशाच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अर्थात उभ्याने. परत आले ते चेहरा पाडून. भात बंद, पाव बंद, बिस्कीट बंद. उकडलेली मासळी, कोंबडी, आणि डब्यातलं एक औषधी खाणं. ते खाणं भाटकाराने हुंगलं आणि मागच्या पायांनी त्यावर माती ओढल्यासारखं केलं. शिवाय सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. ठरलेल्या वेळी, आणि पोटात काही गेल्यावरच, नाहीतर साखर एकदम उतरेल.

'ठरलेल्या वेळी' हे शब्द ऐकताच मामांचा चेहरा पुन्हा उजळला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचं वाक्य त्यांनी किती ऐकलं, देव जाणे.

सुई टोचायचा सराव त्यांनी उंड्यावर केला. सकाळी पाववाल्या पोदेराकडून घेतलेला ताजा, गोल, कडक उंडा, त्याच्या पाठीवरची साल चिमटीत धरायची, पाणी भरलेली सुई आत, आणि "जाला!" ज्या पावाने घात केला त्याच्यावरच सूड उगवल्याचा आनंद त्यांना होत असावा. दोन दिवस आम्ही शेजारीपाजारी ओले उंडे खाल्ले. मग भाटकाराची पाळी आली. त्याला ते सुई म्हणतच नसत. "भाटकारा, तिकीट!" अशी हाक यायची आणि तो महाशय नाराजीने पाठ पुढे करायचा. कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब तपासायचं यंत्र आणलं, त्याचं नाव चेकर. "चेकर चढलो हां!" म्हटलं की बोका पलंगाखाली, आणि मामा पलंगाखाली अर्धे.

पोदेराशीही त्यांनी करार केला. सकाळी सायकलचा भोंगा पों-पों वाजला की भाटकार फाटकावर हजर व्हायचा, चहात बुडवलेल्या पावाच्या आशेने. मामा आडवे उभे राहायचे. "मेल्या, हांगा वाजवू नको! माझो पेशंट असा." पोदेर आमच्या फाटकापाशी सायकलवरून उतरून, चोरासारखा पावलं न वाजवता जायचा आणि पुढच्या वळणावर जाऊन दुप्पट जोराने भोंगा मारायचा.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग सोमवार आला.

मामींच्या घरात सोमवार शिवराक. म्हणजे मासळीला उंबरठ्याच्या आत यायची बंदी. ती माणसांना होती तशी भाटकारालाही होती. पिल्लू असल्यापासून दर सोमवारी तो दूधभात खात आला होता आणि शेजारपाजारच्या बायकांत त्याचं कौतुक व्हायचं. आता दूधभात बंद आणि मासळीला मज्जाव. मामा म्हणाले, "त्येका कसलो वार? तो मांजर."

"मांजर जाल्यार काय जाला? ह्या घरातलो मां? घराचो नियम त्येकाय असा."

मग मामींनी मुगाचं कढण पुढे ठेवलं. भाटकाराने त्याकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं आणि तो भिंतीवर जाऊन बसला. सुईची वेळ झाली. मामा वाडगं घेऊन त्याच्यामागे फिरले, हाका मारल्या, विनवण्या केल्या. वेळ टळत होती. आणि मामांच्या आयुष्यात वेळ टळणं ही गोष्ट झालीच नव्हती. त्यांनी उपाशी पोटी त्याला तिकीट दिलं.

सकाळ सरता सरता बोका भिंतीवरून उतरताना माडी प्यायल्यासारखा झोकांडला. दोन पावलं चालला आणि अंगणात आडवा झाला. पाय थरथरू लागले. मी धावत गेले तर मामा नुसते उभे. हलत नव्हते. इतकी वर्षं उभा असलेला माणूस स्थिर उभा राहिलेला मी त्या दिवशी प्रथमच पाहिला. मामी आतून आल्या त्या देवघरातली मधाची वाटी घेऊन. महादेवाच्या अभिषेकाला काढलेला तो मध. त्यांनी त्यात बोट बुडवलं आणि भाटकाराच्या हिरडीवर चोळलं, पुन्हा चोळलं, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मंत्र होता की शिव्या होत्या ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने त्याने जीभ बाहेर काढली.

मी स्कूटर काढली. मागे मामा, मांडीवर टोपली. मामा बसले होते! रस्त्याने लोक वळून वळून पाहत होते. डॉक्टरीणबाईंनी बोक्याला सावरलं आणि मग मामांना धरलं.

"मामा, पोटात काही नसताना सुई दिलीच कशी?"

"टायम जाल्लो."

"गाडीत एकही पॅसेंजर नसेल तरी गाडी सोडता का तुम्ही?"

"सोडतंय," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

त्यानंतर तह झाला. मामींचा सोमवार मोडायचा नाही आणि भाटकाराचं पोट रिकामं ठेवायचं नाही. म्हणून सोमवारचा बांगडा माझ्या चुलीवर उकडायचा, बिनमिठाचा, काटे काढून. आमच्या घरात सोमवारचे नियम नाहीत, कारण इतर वारांचेही नाहीत. वाडगं कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचं, अलीकडच्या अर्ध्या भागात, म्हणजे मामींच्या हद्दीबाहेर. भाटकार भिंतीवर बसून जेवायचा. मामी त्या वेळी मुद्दाम तुळशीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि जरा वेळाने, मागे न वळता विचारायच्या, "जेवलो मां तो?" मामा ओरडायचे, "जेवलो!" आणि मगच तिकीट फाडायचे.

बोका सुधारला. पाठ भरली, तुळशीचा तांब्या सुटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही मांजरांची सुई पुढे सुटतेही. ह्याची सुटली नाही. कमी मात्र झाली, आणि मामांनी ते "भाडां उतरला" असं सगळ्या बाजारात जाहीर केलं.

मग मामांच्या छातीत दुखू लागलं. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना जे सांगितलं त्याहून क्रूर औषध मी ऐकलेलं नाही. "बसा," असं ते म्हणाले. मामा खुर्चीच्या कडेवर टेकायचे आणि उठायचे. फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. मरणाची त्यांना फारशी फिकीर नव्हती, पण बदली कंडक्टर मिळत नव्हता. माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी खोडलं. लस घ्यायला गेले असताना मी रांगेतच घेरी येऊन पडले होते, हे अख्ख्या पेडण्याला माहीत आहे. उरल्या मामी. मामा रोज उंडा घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे.

"धर गो. नुसती धर."

मामी हात पाठीमागे बांधायच्या. "माका जमाचा नाय. तुमी असास मां?"

"आणि मी नसलंय तर?"

"काय तरी बोलू नका!" असं म्हणून त्या आत जायच्या आणि आत भांडी जोरात वाजायची. मामा माझ्याकडे बघायचे. "बाय गो, बोको मरतलो," ते एकदा हळूच म्हणाले. "माझ्या फाटीं एका आठवड्यात मरतलो."

ते गेले ते दुपारी, फाटकाच्या खांबाला हात लावून उभे असताना. खाली बसले म्हणून आम्ही धावलो.

फोंड्याहून त्यांची लेक आली. घर भरलं. चूल विझली. आता दिवस होईपर्यंत मासळीचं नाव काढायचं नव्हतं. तिरडी बांधून झाली होती आणि भटजी सूर्याकडे बघून घाई करत होते. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुपारपासून डोळ्यांतून टिपूस नाही. बायका एकमेकींना खुणावत होत्या, "रडव गो तिका, नायतर बाधतला."

तेवढ्यात भाटकार गर्दीत शिरला. एकेकाचे पाय हुंगत सगळ्या ओसरीभर फिरला. मग आपल्या रिकाम्या वाडग्यापाशी गेला आणि पंजाने ते ढकललं. जमिनीवर ते वाडगं खरवडत गेलं.

मामींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता फुटणार. त्या सरळ आत गेल्या आणि फ्रीज उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात इन्सुलिनची बाटली होती, आणि मामा वळायचे तशीच ती दोन्ही तळव्यांत हळूहळू वळत होत्या. लेकीने त्यांचा दंड धरला. "आई, आज त्येका जेवण खंयचा? सुतक असा घरात."

तिरडीला हात लावलेले चौघे थांबले, भटजींचा मंत्र थांबला, आणि मामी ओरडल्या, "सुतक माका असा, भाटकाराक न्हय! आदीं बांगडो आणा कोणीतरी, मागीर ह्येंका उचला!"