चार बोटांचा रकाना

नेमका शब्द हुडकण्यात पटाईत म्हणून सरकारी दप्तरातले सगळे त्याला कोशकाका म्हणत. डोंगरातल्या बंदूकवाल्यांची नोंदवही अठरा वर्षं त्याच्याच टेबलावर होती. ते स्वतःला 'पहाट दल' म्हणवत, सरकारी कागदात ते 'गट क्रमांक सात' होते, आणि डोंगराखालचे लोक नुसतं 'ते' म्हणत, तेही आजूबाजूला बघून. वर्षाकाठी त्यांच्यात फूट पडे, नवं नाव येई, आणि काकाला सगळी पानं पुन्हा लिहावी लागत. "मारामारीतून यांना नावं शोधायला फुरसत बरी मिळते!" तो करवादायचा.

वहीत 'संबंध' असा एक रकाना होता, जेमतेम चार बोटं रुंद. ज्यांच्या घरात ते बंदूक रोखून शिरले आणि जेवून गेले, अशा गरीब माणसांपुढे काय लिहायचं? 'बळजबरीने जेवण द्यावे लागले' हे काही केल्या तिथे मावेना. साहेब म्हणाले, "काका, एका शब्दात बसवा की." काकाने डोकं खाजवलं आणि 'पोशिंदा' लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली. दोन महिन्यांत तो शब्द राज्यातल्या बत्तीसही दप्तरांत गेला, आणि काकाला मूठभर मांस चढलं.

मग वरून हुकूम आला. वरच्यांना चार बोटांची अडचण कुठे ठाऊक? 'पोशिंदे हे गटाचेच अंग समजून अटक करावी.' दुसऱ्या दप्तरातून आलेल्या अटकेच्या तिसऱ्याच यादीत काकाची धाकटी बहीण निघाली. डोंगराच्या पायथ्याशी तिची छोटी खानावळ होती.

काका धावत साहेबांकडे गेला. "साहेब, तिनं पोसलं नाही हो, त्यांनी धमकावून खाल्लं."

"काका, शब्द तुमचाच ना? पोशिंदा म्हणजे पोसणारा. मी आता काय करू?"

काकाला स्वतःचीच किळस आली.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत दोघांमध्ये जाळी होती. बहीण वाळून कोळ झाली होती.

"दादा, बंदूक पोटाला लावली होती रे. वाढलं नसतं तर मेले असते. आणि इथे सगळे मला पोशिंदी म्हणतात. हा शब्द काढला तरी कुणी? त्याच्या तोंडात माती पडो!"

काकाने जाळी घट्ट धरली. खोटं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मी काढला गं. मीच."

तिला राग आला नाही, उलट तिचा चेहरा उजळला.

"तू? अगंबाई, मग तूच तो खोडून टाक ना, दादा!"