मिरी की मोहरी

म्हातारे एका बाकावर बसायला लागले की किस्से घरातल्या भंगारासारखे साचतात. कोणी विकत घेत नाही आणि टाकवतही नाहीत. आमचा बाक जोगेश्वरीला, सोसायटीच्या गेटपाशी. दाजी, भाई, सदा आणि मी. चौघं मालवणकडच्या एकाच गावचे, पोटासाठी इथे आलेले. मे महिन्यात गावी गेलो की बंदुका निघायच्या. शिकार तेव्हाही बंदच होती. गावाला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारायला गेलो नाही.

आता नुसती तोंडाची शिकार. त्यात वाद एकच, सशाला कितीचं काडतूस? दाजी म्हणतो चार नंबर, भाई म्हणतो आठ. भाईची नजर साखरेने नेली, पण आठ नंबर काही सुटला नाही.

*

नवख्या माणसाची इथे वाट लागते, कारण नंबर वाढला की छर्रा बारीक होतो. सदाच्या जावयाच्या डोक्यात ते शिरेना. दाजीने घरातून दोन डबे आणून बाकावर दाणे मांडले. "ही मिरी, म्हणजे चार नंबर. ही मोहरी, म्हणजे आठ."

जावई म्हणाला, "म्हणजे फोडणीच ना?"

"होय. सशाची."

*

माझे काका हौशी. एकदा होल्यावर, म्हणजे कबुतराएवढ्या पाखरावर, त्यांनी एलजी झाडलं. एलजी म्हणजे डुकराचं काडतूस, वाटाण्याएवढे गोळे. नेमका एक गोळा लागला. काका घरी आले ते चार पिसं घेऊन. काकीने पिसांकडे बघितलं आणि विचारलं, "खोबऱ्याचं वाटप किती करू?"

आता काका नाहीत, काकीही नाही. तिच्या हातचं वाटप तर कोणालाच जमलं नाही.

*

भाईने एकदा लांबून सशावर आठ नंबर टाकला. ससा उडाला आणि पळाला. "चुकला," भाई म्हणाला. दोन-तीन दिवसांनी काजूच्या बागेत वास यायला लागला. ससा झाडाखाली पडला होता. अंगभर मोहरी, पण एकही दाणा खोल गेला नव्हता. बिचारा सावकाश मेला होता.

दाजी एवढंच म्हणाला, "मिरी घालायची होतीस."

भाई त्या दिवशी जेवला नाही. तरी वाद सोडत नाही. सोडला तर तो ससा कबूल करावा लागेल, असं मला आपलं वाटतं.

*

सदाच्या पायाचं तसंच. ससे उठवायला हाकारा चालू होता. सदा हाकारत हाकारत झुडपातून भलतीकडेच बाहेर आला आणि त्याच वेळी दोन बार झाले, दाजीचा आणि भाईचा. सदा कोसळला. भाई जागच्या जागी उभा होता. दाजी धावला, सदाला पाठीवर घेतलं आणि म्हणाला, "माझा बार लागला रे."

पोलिसांच्या भीतीने डॉक्टरकडे नेलंच नाही. गावातल्या वैद्याने पाला बांधला. छर्रे आत राहिले, पाय लंगडा झाला. तेव्हापासून टपरीवरून सदाचा चहा दाजी आणतो. "लंगडा केलास, चहा तरी आण," सदा म्हणतो. हसतच म्हणतो, पण दाजीचा चेहरा दरवेळी पडतो.

एकदा आम्ही दोघंच होतो तेव्हा दाजी म्हणाला, "मरायच्या आधी एकदा कळायला हवं यार. खरंच माझाच बार होता का?"

*

गेल्या महिन्यात सदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि पायाचा एक्स-रे निघाला. सदा फिल्म घेऊन थेट बाकावर. "घे दाजी, बघ तुझे प्रताप."

दाजीने फिल्म उजेडाकडे धरली. मीही वाकून बघितलं. गुडघ्याच्या वर पांढरे ठिपके विखुरलेले. बारीक, मोहरीएवढे. एकही मिरीएवढा नव्हता.

दाजीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. दाजी फिल्म तशीच धरून बसला.

भाईला काही दिसत नव्हतं. त्याने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "दाजी," तो म्हणाला. "मिरी की मोहरी रे?"

दाजीने फिल्म पाकिटात सरकवली.

"मिरी."

भाईची काठीवरची बोटं सैल झाली.

"मग बसलास काय?" सदा म्हणाला. "चहा आण."

दाजी उठला आणि टपरीकडे गेला.