ग्यानोबाचा आवाज कुणी घालवला

वारंगा फाट्यावर बातमी फिरली, की जीपवाल्या ग्यानोबाला कुणीतरी शेंदूर चारून त्याचा आवाज घालवला. दुसऱ्या जीपवाल्याचंच काम म्हणे! एरवी त्याची "नांदेऽड, नांदेड-नांदेऽड!" ही पुकार पार पेट्रोलपंपापर्यंत जायची. आता तो प्रवाशाच्या कानाशी वाकून "नांदेड?" एवढंच पुटपुटायचा. एक म्हातारी तर पिशवी छातीशी धरून पळालीच.

शेंदूर-बिंदूर काही नव्हतं. लेक झाली होती.

शीतलचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, रक्तदाब वाढला, वारेतून लेकराला रक्त पुरेना, आणि पोटातच त्याची वाढ खुंटली. नांदेडच्या डॉक्टरांनी आठव्या महिन्यातच सिझर केलं. पोरगी किलोच्या आत. काचेच्या पेटीत, नाकात दुधाची नळी. जगेल का, कुणीच ठाम सांगेना.

पोरगी जरा सावरल्यावर पुनम सिस्टर म्हणाल्या, "दादा, शर्ट काढा. हिला उघड्या छातीवर धरायचं. ऊब मिळते, वजन वाढतं."

"मी? हे बायकायचं काम हाय ना?"

"ताई टाक्यांनी बेजार आहेत. एवढी मोठी छाती काय जीपला धक्का मारायला ठेवलीय?"

लेक छातीवर टेकली आणि ग्यानोबाला राहवेना. "माझी मायऽऽ!" फाट्यावरच्याच आवाजात निघालं. लेकरू दचकलं, श्वास अडखळला, मशीन कोकलायला लागलं. सिस्टरनी तळपाय चोळले तेव्हा कुठं श्वास लागला.

"हा फाटा नाही, दादा!"

ग्यानोबा घामाघूम. दिवसा ओरडलं तर संध्याकाळी घसा ऐकत नाही, म्हणून त्यानं फाट्यावरही कुजबुज धरली. संध्याकाळी छातीवर लेक, आणि तिच्या कानाशी बारीक आवाजात सगळे थांबे: "डोंगरकडा... वारंगा... कळमनुरी..."

"काहून तिचं तिकीट फाडून राहिले?" शीतल हसायची. पोरगी मात्र निवांत झोपायची, वजन वाढवायची. पुढं नळी निघाली, आईच्या अंगावर पिऊ लागली. डोळे-कान तपासायला येत राहायचं, या अटीवर सुट्टी झाली.

मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरचा पोरगा; ग्यानोबाची पुकार मला हुबेहूब येते. म्हणून मी पैज लावली, "काका, लेक घरी आणताना तुमी ओरडले न्हाई, तर दिवसभर तुमच्या जीपची पुकार मी करतो."

जीप आली. फाट्यावर सगळे कानांत बोटं घालून उभे. ग्यानोबानं तोंड उघडलं, छातीवरच्या गाठोड्याकडं पाहिलं आणि मिटलं.

"झोपली हाय," तो पुटपुटला. मग माझ्याकडं वळला, "चल, कर सुरू. तिकडं लांब जाऊन."