ताट कुणासाठी उचललं?

आदर्श सुनांचा मला पहिल्यापासून तिटकारा. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचं राज्य गेलं आणि परभणीच्या वाचनालयात मराठी कादंबऱ्या दिसायला लागल्या. शिकायला मावशीकडे राहत होते, तेव्हा मी त्यांचा फडशा पाडला. जिकडेतिकडे तीच बाई: सोसणारी, झिजणारी, उपाशी राहून वर हसणारी. डोकं फिरलं माझं. सातवी होऊन झरीला, आमच्या गावी परतले आणि तिची टिंगल करणारी एक गोष्टच लिहून काढली.

माझी नायिका कोंबड्याच्या आधी उठते, म्हणून कोंबडा लाजून गाव सोडतो. कुत्रा तिचा घास पळवतो, तर ती त्याचीच माफी मागते. शेवटी भुकेनं घेरी येऊन पडते. तिची जाऊ उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत असते. नायिका पडल्यावर ती हसते आणि भरलेलं ताट उचलते. कुणासाठी, ते मी लिहिलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं.

श्रावणात दुपारी आमच्या ओसरीवर बायका पोथी ऐकायला जमत. वाचता येणारी मी एकटीच. एके दिवशी अध्याय लवकर संपला, म्हणून जरा हसवावं म्हटलं आणि माझी गोष्ट वाचली. एक बाई हसली असेल तर शपथ! दोघीतिघींनी डोळे पुसले. शेजारच्या काकूनं माझ्या कागदांना हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "आता फळ सांग." वाचून झालं की ऐकल्याचं पुण्य काय, ते सांगायचं, हा आमच्याकडचा रिवाज.

"काकू, ही थट्टा हाय."

"सतीची थट्टा करायलीस? जीभ झडंल." मग तिनंच फळ सांगून टाकलं: जी सून अशी वागंल, तिला ल्योक होईल.

जावेवरून मात्र तकरार झाली. काकू म्हणे, ती चांडाळीण, ताट तिनं स्वतःच खाल्लं. माझी माय म्हणे, ती देवी, सत्त्व बघायला आलेली. नायिकेला भूक लागली असेल, हे एकीच्याही मनात आलं नाही.

माझ्या वहिनीला तेव्हा सहावा महिना होता. आधी ती निदान आम्हा बायकांच्या पंगतीला तरी बसायची. गोष्ट ऐकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मायनं तिला सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं वाढायला सुरुवात केली. मी कडाकडा भांडले. भाऊ मान खाली घालून जेवत राहिला. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

थोड्याच दिवसांत वहिनी विहिरीवर घेरी येऊन मटकन बसली. तिला घरी आणताना मी संतापून म्हणाले, "वहिनी, आता तुमीच सांगा, जावेनं ताट कुणासाठी उचललं?"

"मला काय इचारता, वन्सं? गोष्ट तुमची हाय. ताट कुठं न्यायचं ते तुमीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी पुरुषांची पंगत बसायच्या आत मी तव्यावरची पहिली भाकरी काढली, पिठलं वाढलं आणि ताट वहिनीपुढं आदळलं.

"अगं, गडीमाणसं उपाशी हायती!" माय किंचाळली.

"ऱ्हाऊ दे एक दिवस."

वहिनीनं मायकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. मग ताट जवळ ओढलं आणि तोंडात घास असतानाच म्हणाली, "वन्सं, कांदा बी द्या."