माझ्या लेखी

रोज सकाळी चर्चचं कुलूप काढलं की साफ्ता आधी मेण खरवडायची. दाराबाहेर पत्र्याची पेटी होती, दोन खणांची. वरच्या खणात जिवंतांसाठी मेणबत्त्या, खालच्यात मेलेल्यांसाठी. बोथट सुरीने ती वरचा खण साफ करी, मग खालचा, आणि मग स्वतःची एक मेणबत्ती खाली लावी. आईवडिलांसाठी, नवऱ्यासाठी आणि अग्लायासाठी.

अग्लाया तिची धाकटी बहीण. ती जिवंत होती.

सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा अग्लाया इटलीत कुणा परक्या म्हातारीची सेवा करत होती. मातीला आली नाही. “माझ्या लेखी ती मेली,” साफ्ता गावभर म्हणाली, आणि पुढच्या रविवारी तसं लिहूनही दिलं. बुकोविनाच्या त्या डोंगरगावात दर रविवारी माणसं फादर कोर्नेलकडे नावांच्या चिठ्ठ्या देत, डावीकडे जिवंत, उजवीकडे मेलेले, आणि फादर ती नावं मोठ्याने वाचत. नुसतं नाव लिहायचं. आडनाव देवाला लागत नाही. त्यामुळे उजवीकडची अग्लाया कुणाला खटकली नाही. असेल कुणी आजी-पणजी.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत अग्लाया परत आली आणि पुलापलीकडच्या आईच्या घरात राहू लागली. बहिणी बोलत नव्हत्या. पण प्रार्थनेला अग्लाया मागे उभी राही आणि खोकत असे. तो खोकला साफ्ताच्या पाठीत रुतायचा. तिने चिठ्ठीतून ते नाव काढलं. उजवीकडे लिहायचा धीर होईना, डावीकडे लिहायला हात वळेना.

ईस्टरआधीच्या उपासात एका रविवारी ती चिठ्ठ्या गोळा करत होती. एकीवरचं तिरकं अक्षर तिने ओळखलं, बहिणीचं. डावीकडे, सगळ्यांत वर, लिहिलं होतं: साफ्ता.

दरवर्षी ती फादरांपुढे पापांच्या कबुलीला बसायची. उपासात चीज खाल्लं, शेजारणीला टोमणा मारला, असलं काहीतरी सांगून उठायची. या वेळी फादरांनी रीतीप्रमाणे गळ्यातला जरीचा पट्टा तिच्या डोक्यावर टाकला. तिने अग्लायाला चिठ्ठीत मेलेल्यांत लिहिल्याचं सांगितलं.

“माझ्या लिहिण्यानेच ती खोकते, फादर.”

“देव काय पोस्टमन आहे, मावशी? पत्ता चुकला तरी टाकून जायला?” फादर म्हणाले. मग हळूच, “पण एवढा राग कशाचा? ती मातीला आली नाही म्हणून?”

पट्ट्याखाली अंधार होता. तिथे साफ्ताला आईचा आवाज आला. अग्लायाला बोलव गं. चार दिवस हेच.

“ती आली नाही, कारण मी तिला कळवलंच नाही,” साफ्ता म्हणाली. “फोन केला तो मातीनंतर.”

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

फादर म्हणाले, “सहा वर्षं ते नाव मी मोठ्याने वाचलं. आता मात्र मला गप्पच बसावं लागणार, कबुलीतलं बाहेर बोलता येत नाही. बोलायचं तुला आहे.” आणि साठीच्या त्या माणसाने तिच्यापुढे मान लववली. “मलाही क्षमा कर, मावशी. वाचण्याआधी एकदा विचारायला हवं होतं.”

साफ्ता पूल ओलांडून गेली तेव्हा अग्लाया स्वयंपाकघरात कांदा चिरत होती.

“बूट राहू दे पायात, ताई. फरशी ओली आहे.” जणू कालच भेटल्या होत्या.

साफ्ता दारातच उभी राहिली. “आई चार दिवस तुला हाक मारत होती.”

सुरी थांबली. “तू तर म्हणालीस, अचानक गेली.”

“खोटं बोलले. सात वर्षं तिच्या उशाशी मी बसले. तू आली असतीस तर शेवटी तिने तुझाच हात धरला असता.”

“आणि गावाला सांगितलंस, धाकटी आली नाही.”

“सांगितलं. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. आणि चिठ्ठीत तुला मेलेल्यांत घातलं. सहा वर्षं.”

अग्लाया खुर्चीवर बसली. कांद्याने डोळे भरले होते की कशाने, कोण जाणे. “तरीच,” ती म्हणाली, “इटलीत मला मेल्यासारखी झोप लागायची.” पण ती हसली नाही. “क्षमा मागायला आलीस?”

“हो.”

“आज नाही जमायचं, ताई.”

“बरं.”

“घेवडा शिजतोय. जेवून जा.”

दोघी जेवल्या. घरी जाताना पुलावर साफ्ताच्या लक्षात आलं की मन हलकं झालेलं नाही. फक्त आत काय आहे ते आता दिसत होतं, पाणी निवळल्यावर तळाचा दगड दिसावा तसं. तो तिथेच राहणार होता.

दुसऱ्या दिवसापासून तिने अग्लायाची मेणबत्ती वर लावली, आणि चिठ्ठीत ते नाव डावीकडे लिहिलं. क्षमेचा शब्द अग्लायाच्या तोंडून कधी आला नाही. ईस्टरनंतर मात्र ती सकाळी येऊन पेटीपाशी उभी राहू लागली, मेणाचा डबा धरून.

त्याच वर्षी पानगळीत साफ्ताने अंथरूण धरलं. तिच्या शेवटच्या सकाळी अग्लाया चर्चच्या किल्ल्या घेऊन निघाली, तेव्हा आतून साफ्ताचा आवाज आला,

“सुरी बोथटच ने गं. धारेच्या सुरीने पत्र्याला ओरखडे पडतात.”